घुंगरू बांधताना: नर्तकी आणि नाटकामागचं जग चित्रात कसं उतरवावं

गोकाक तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत मी पहिल्यांदा रंगपटात बसून चित्र काढलं. खेळ ‘श्रीकृष्ण पारिजात’ या कन्नड लोकनाट्याचा होता. रंगपट, म्हणजे नटांची रंगायची-सजायची खोली, इथे कन्नड शाळेचा एक वर्ग होता. भिंतीवर बाराखडीचा तक्ता, फळ्याच्या खिळ्याला टांगलेला आरसा, दोन बाकं जोडून त्यांच्यावर मुकुट आणि शालू. दूतीचं काम करणारी अक्का बाकावर पाय ठेवून गेज्जे, म्हणजे घुंगरू, बांधत होती. तोंडात दोन पिना, पदर खोचलेला. चेहऱ्यावर रंग चढला होता, पण भाव दिवसभर भांगलण करून आलेल्या बाईचा.

मला त्या क्षणी एदगार दगा समजला. त्याआधी मी त्याची चित्रं पुस्तकांत शेकडो वेळा बघितली होती. पॅरिसच्या या चित्रकाराने (१८३४ ते १९१७) आयुष्यातली कितीतरी वर्षं ऑपेराच्या, म्हणजे तिथल्या संगीत-नाट्यगृहाच्या, बॅले नर्तकी रंगवण्यात घालवली, पण त्याच्या नर्तकी ऐन नाचात फार कमी वेळा सापडतात. कुणी बुटाची फीत बांधते आहे, कुणी बाकावर वाकून घोटा चोळते आहे, कुणी जांभई देते आहे. आपल्याकडची मुलं नर्तकी काढायला बसली की एक पाय उचललेली, हाताची मुद्रा केलेली, हसरी बाई काढतात. ते चित्र कॅलेंडरचं होतं. नर्तकी नाचत नसते तेव्हा तिच्याकडे बघायला शिका, एवढं एकच मला सांगायचं आहे. बाकीचा सगळा लेख ते कसं करायचं याचा.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात राहणाऱ्या आणि थोडाफार हात बसलेल्या कुणालाही हे जमेल.

आधी तीन चित्रं पोटभर बघा

मोबाइलवर भराभर सरकवू नका. एका चित्राला अर्धा तास द्या.

पहिलं ‘नृत्याचा वर्ग’, १८७३ ते १८७६ या काळातलं, आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात असलेलं. मध्यभागी म्हातारे नृत्यगुरू ज्यूल पेरो काठीवर रेलून उभे आहेत. पण नजर आधी डावीकडे जाते. तिथे पियानोवर बसलेली एक मुलगी हात मागे नेऊन पाठ खाजवते आहे. खाली एक छोटं कुत्रं आणि झारी. झारी कशाला? लाकडी फळ्यांवरची धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडायला. आपल्याकडे तमाशाच्या फडापुढे आणि कुस्तीच्या आखाड्यात पाणी मारतात, तसंच. ही झारी ज्याला दिसली, त्याला तालमीची खोली दिसली.

दुसरं ‘ऑपेरातला वाद्यवृंद’, साधारण १८७० चं. इथे पुढे वादक आहेत, मधोमध बसून वाजवतो तो दगाचा मित्र देझिरे दिओ. नर्तकी वर, मागे, आणि त्यांची डोकी चौकटीने सरळ कापून टाकलेली. दिसतात ते फक्त झगमगते झगे आणि पाय. आपल्या पारिजातात हे चित्र तयारच असतं: पुढे पेटीवाला, तबलजी, टाळकरी यांच्या पाठी, आणि त्यांच्या खांद्यांवरून दिसणारी सत्यभामेची पावलं.

तिसरं ‘तारका’. पेस्टलमधलं, म्हणजे रंगीत कोरड्या खडूंचं, जेमतेम ५८ बाय ४२ सेंटिमीटरचं. वरच्या सज्जातून दिसावी तशी एकटी नर्तकी पुढे झुकलेली, गळ्यात काळी फीत, आणि मंचाचा मोठा भाग मोकळा. मागे पडद्याच्या आडोशाला काळ्या कोटातला एक पुरुष उभा आहे. त्याचा चेहरा नेपथ्याने झाकला आहे. ऑपेराचे वार्षिक वर्गणीदार असलेल्या श्रीमंत पुरुषांना मंचामागे आणि नर्तकींच्या दालनात मोकळी ये-जा होती. गरीब घरच्या त्या मुली त्यांच्या मर्जीवर अवलंबून असत. दगाने तो माणूस चित्रातून काढून टाकला नाही. ज्या भागात देवदासी प्रथा बंद करायला १९८२ साली कायदा करावा लागला, त्या भागातल्या माणसाला या काळ्या कोटाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बसायचं कुठे

यासाठी पॅरिसला जायची गरज नाही. मराठी नाटकाची मुळंच या मातीत आहेत. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ बघून सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. म्हणजे कन्नड खेळ आणि मराठी नाटक एकमेकांच्या अंगणात वाढले. अजूनही चित्रकाराला इथे दोन्ही दारं उघडी असतात.

माझ्या अनुभवात तीन जागा उत्तम. एक, शहरातला भरतनाट्यम किंवा कथकचा वर्ग. इथे तीच हालचाल पुन्हा पुन्हा होते, म्हणून नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. दोन, हौशी मंडळींच्या नाटकाची तालीम, त्यातही रंगीत तालीम, कारण कपडे आणि दिवे खरे असतात आणि प्रेक्षक नसल्यामुळे फिरायला मोकळीक मिळते. तीन, जत्रेतला पारिजात किंवा कंपनी नाटक. इथे गर्दी, धूळ, रात्रभर जागरण. शेवटी इथेच यायचं आहे, पण पहिल्या महिन्यात नको.

विचारल्याशिवाय पेन्सिल उघडू नका

हे मी चूक करून शिकले. एका नृत्यवर्गात मी सतरा वर्षांच्या मुलीचं चित्र काढलं होतं. भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले, घामाने केस कपाळाला चिकटलेले. माझ्या दृष्टीने ते माझं तोवरचं सर्वात चांगलं काम होतं. गुरूंची परवानगी घेतली होती, मुलीची घेतली नव्हती. चित्र प्रदर्शनात लागलं. तिची आई आली, बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, “ताई, माझी पोरगी एवढी दमलेली लोकांनी बघावी असं तिला वाटतंय का, हे विचारलंत तुम्ही?” मी चित्र त्याच दुपारी उतरवलं.

दगाच्या ‘चौदा वर्षांच्या छोट्या नर्तकी’चंही असंच काहीसं झालं. मेणाची ती मूर्ती, उंची एक मीटरच्या आसपास, अंगात खरी चोळी आणि झगा, केसांत खरी फीत. १८८१ च्या प्रदर्शनात समीक्षकांनी तिला कुरूप म्हटलं, माकडाची उपमा दिली. मूर्तीसाठी उभी राहिलेली मारी व्हान गोथेम ही ऑपेरातली विद्यार्थिनी होती. पुढच्याच वर्षी तिला तिथून काढून टाकण्यात आलं. मूर्ती आज जगभर ओळखली जाते, मुलीचं पुढे काय झालं ते कुणी नीट नोंदवून ठेवलं नाही.

म्हणून माझे नियम कडक आहेत. वर्गात गुरूंना आणि त्या व्यक्तीला, दोघांनाही विचारायचं. मूल अल्पवयीन असेल तर आई-वडिलांना. कपडे बदलण्याच्या जागेत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही आणि बाईनेही वही बंद ठेवायची. फोटो काढायचा नाही. फोटो काढला की लोक आपल्याकडे बघून सावरून बसतात आणि हातातून सगळं जातं. काढलेलं चित्र जाण्यापूर्वी दाखवायचं. जत्रेत गेलात तर मंडळीच्या म्होरक्याला आधी भेटा, चहाला नाही म्हणू नका, आणि मुकुट, गेज्जे, पेटी यांना हात लावण्याआधी विचारा. खेळाआधी त्यांची पूजा होते, कलाकारांसाठी त्या निव्वळ वस्तू नसतात.

सामान

थोडंच न्या. हाताच्या पंजाएवढी एक वही, खिशात मावणारी. फुलस्केपच्या अर्ध्या आकाराची दुसरी. दोन पेन्सिली (४बी आणि ६बी), कोळशाची एक कांडी, पांढरा खडू. मोठ्या वहीत पांढरा कागद नको. दुकानात वेष्टनासाठी मिळतो तो खाकी कागद कापून शिवून घ्या. खाकीवर काळा आणि पांढरा दोन्ही उठतात, मधला करडा रंग कागदच देतो. मंचावरच्या अंधार-उजेडाला हे फार सोयीचं. खोडरबर घरी ठेवा.

तालमीत हात कसा चालवायचा

पहिले तीन दिवस काहीही पूर्ण करू नका. अर्ध्या मिनिटाची चित्रं काढा, पानावर दहा-बारा. नर्तकी थांबणार नाही, म्हणून सुरुवात चेहऱ्यापासून केली तर केस काढून होईपर्यंत ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते. सुरुवात भारापासून करा. गळ्याच्या खळगीतून मनात एक ओळंबा सोडा. गवंडी सोडतो तसाच. तो ज्या पावलाजवळ पडेल त्या पावलावर शरीराचा भार आहे. ही एक रेघ बरोबर आली की उरलेलं चुकलं तरी बाई उभी राहते. ही रेघ चुकली तर डोळे-नाक कितीही सुंदर काढा, ती पडते आहे असंच दिसतं.

मग कंबर आणि खांदे. भार एका पायावर आला की त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि तिकडचा खांदा खाली येतो. या दोन तिरक्या रेघा, ओळंबा, आणि पावलं. बस, पुढच्या चित्राकडे.

भरतनाट्यममध्ये अरैमंडीचं माप लक्षात ठेवा. गुडघे बाहेर वळवून अर्धं बसल्यावर उंची उभ्या उंचीच्या साधारण पाऊणपट होते, आणि मांड्यांमधून पतंगासारखा चौकोन दिसतो. नवशिके हा चौकोन लहान काढतात, मग नर्तकी नुसती वाकल्यासारखी दिसते. बॅलेतही पाय कंबरेपासून बाहेर वळवतात. दोन नृत्यांत हजारो मैलांचं अंतर, पण गुडघ्यांची शिस्त सारखी.

इथे एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो. दगाची छोटी नर्तकी आरामात उभी आहे, हात मागे गुंफलेले, हनुवटी वर. पण तिची पावलं बाहेरच वळलेली आहेत. विश्रांती घेतानाही शरीर शिकवण विसरलेलं नाही. आता आपल्या वर्गातली मुलगी पाणी पिताना बघा. बाटली तोंडाला लावते, आणि टाच हलकेच ताल धरते. लावणीच्या बाईचं वेगळं: ती बोलत उभी असली तरी एक हात आपोआप कंबरेवर जातो. ही सवय टिपली की ‘ही नर्तकी आहे’ हे दाखवायला घुंगरू काढायचीही गरज उरत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून आठवणीवर काढायला लागा. दगा याच वाटेने जायचा: डोळ्यांनी पिऊन घ्यायचं आणि कागदावर नंतर उतरवायचं. माझी पद्धत साधी आहे. दहा मिनिटं वही मिटून नुसतं बघते. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन पाठमोरी बसते आणि काढते. पुन्हा आत जाऊन तपासते. पहिल्यांदा हात कोरा राहतो, रडू येतं. आठवडाभराने लक्षात येतं की डोळा आता आधीच निवड करू लागला आहे. आठवलं तेच चित्राचं होतं, विसरलं ते नसलं तरी चालणार होतं.

जमीन, कड आणि खालून येणारा उजेड

दगाच्या चित्रांत जमीन फार असते. तो डोळ्यांची पातळी उंच धरतो, त्यामुळे फळ्या चित्रात वर चढत जातात आणि माणसं एका कोपऱ्यात किंवा तिरक्या रांगेत येतात. त्याच्याकडे जपानी छापचित्रांचा संग्रह होता. तिथूनही ही चौकट कापायची नजर त्याला मिळाली. तुम्ही नाट्यगृहाच्या सज्जात बसा, जत्रेत असाल तर शेजारच्या घराच्या गच्चीवर जा. कागदाच्या खालच्या दोन तृतीयांश भागात फक्त मंच येऊ द्या. मधली जागा भरून काढायचा मोह होईल, तेवढा आवरा. ती रिकामी जागा म्हणजे आता जिथे कुणीतरी येणार आहे ती जागा.

चौकट ठरवायला जुन्या पत्रिकेचा जाड कागद घ्या, त्यात आयताकृती खिडकी कापा आणि डोळ्यापुढे धरून सरकवत राहा. पेटीवाल्याचा खांदा अर्धा कापला गेला, विंगेचं कापड निम्मं आत आलं, मुकुटाचा तुरा बाहेर गेला, की थांबा. इथे माणसं बिचकतात, पूर्ण माणूस यायलाच हवा असं वाटतं. समूहफोटोत यायला हवा, नाटकात नाही.

आता प्रकाश. त्या काळी मंचाच्या कडेला वायूचे दिवे असत, उजेड खालून वर जायचा. म्हणून दगाच्या नर्तकींची हनुवटी उजळलेली आणि कपाळ सावलीत असतं. आता वरून एलईडी असतात, पण गावाकडच्या मंचावर अजूनही कुणीतरी पुढे एक दिवा ठेवतोच. घरी सराव करा. खोली काळोखी करून भावाला किंवा मैत्रिणीला स्टुलावर बसवा आणि मोबाइलचा टॉर्च तिच्या गुडघ्यांपाशी ठेवा. नाकाची सावली वर कपाळाकडे जाईल, भुवयांच्या खालचा भाग चमकेल, गालाची हाडं उलटी वाटतील. ओळखीचा चेहरा परका होतो. वीस मिनिटांची पाच चित्रं काढलीत की मंचावर गोंधळ होणार नाही. खाकी कागदावर आधी कोळशाने सगळ्या सावल्या, आणि पांढरा खडू अगदी शेवटी, तोही दोन-तीन ठिकाणीच.

घरी चित्र जुळवणं

‘नृत्याचा वर्ग’ या विषयावरच्या चित्रांची एक गोष्ट मला धीर देते. ज्या जुन्या ऑपेरागृहातली ती खोली मानली जाते, ते १८७३ च्या ऑक्टोबरात जळून गेलं होतं. पेरो यांचं रेखाटन वेगळं झालं होतं. म्हणजे डोळ्यापुढे आयतं मिळालेलं दृश्य ते नव्हतंच. सुटी माणसं होती, जुन्या जागेची आठवण होती, आणि ती मांडून त्याने खोली उभी केली.

तुम्हीही तसंच करा. वहीतल्या चांगल्या वीस-पंचवीस आकृत्या ट्रेसिंग पेपरवर उतरवा, एकेक कापा आणि मोठ्या कागदावर सरकवत बसा. ट्रेसिंग पेपर उलटा केला की तीच बाई डावीकडून उजवीकडे बघू लागते. दगाही ट्रेसिंग पेपर वापरून तीच आकृती वेगवेगळ्या चित्रांत पुन्हा आणायचा. एका मोठ्या आकृतीशेजारी तिच्या निम्म्या उंचीची दुसरी ठेवा, खोली आपोआप खोल होते. मग झारी शोधा. तुमच्या खोलीतली झारी कोणती? कन्नड बाराखडीचा तक्ता, स्टीलचा तांब्या, प्रॉम्प्टरची घडी पडलेली वही, इस्त्री. एकच घ्या.

शाईचा ठसा आणि त्यावर पेस्टल

‘तारका’ हे चित्र याच पद्धतीने झालं आहे, आणि ती घरी करता येते. ए५ आकाराची अ‍ॅक्रिलिकची पाटी घ्या, काच घेतलीत तर कडा घासून घ्या. छापखान्यातून थोडी काळी शाई मागून आणा, नाहीतर काळा तैलरंग चालेल. रोलरने पातळ थर द्या, इतका पातळ की बोट लावलं तर रेघ उमटावी पण शाई ओघळू नये. आता चिंधीने, कापसाने, काडीने पुसत पुसत उजेड काढा. झग्याच्या घेरासाठी सुती कापड, केसांच्या रेघांना आगपेटीची काडी. दहा-पंधरा मिनिटांत उरका.

जाड कागद दहा मिनिटं पाण्यात भिजवा, जुन्या टॉवेलांत दाबून घ्या. ओल जाणवावी, चमक दिसू नये. पाटीवर ठेवून वर वर्तमानपत्र, आणि लाकडी पळीच्या पाठीने मधून कडेकडे घासा. पोळपाटावर लाटणं फिरवतो तसं लाटणंही चालतं, पण जोर सारखा हवा. कागद एका कोपऱ्यातून सावकाश उचला. पहिला ठसा गडद येतो. पाटीवर उरलेल्या शाईवर लगेच दुसरा कागद ठेवा. हा फिकट, धुरकट ठसा म्हणजेच खरा खजिना. पेस्टल यावर चढवायचं.

ठसा पूर्ण वाळू द्या, शाई असेल तर आठवडा लागू शकतो. मग सॉफ्ट पेस्टल, मेणाचे खडू नव्हेत. गडद आधी, फिकट नंतर. बोटाने सगळं चोळून गुळगुळीत करू नका, रंग मरतो. एका थरावर दुसऱ्या रंगाच्या सुट्या रेघा ओढा, निळ्यावर नारिंगी, हिरव्यावर गुलाबी. मधल्या काळ्या ठशाला ठिकठिकाणी श्वास घेऊ द्या. अंधार त्यानेच येतो.

आणि आपला पाऊस. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरच्या हवेत पेस्टल ओल धरतं आणि कागदावर बुरशीचे ठिपके येतात. चित्र भिंतीला थेट टेकवून ठेवू नका. काच आणि चित्र यांच्यात पुठ्ठ्याची पट्टी घालून फट ठेवा, म्हणजे खडू काचेला चिकटत नाही. फ्रेम केली नसेल तर मध्ये बटरपेपर घालून पेटीत सपाट ठेवा. केसांचा स्प्रे मारू नका, पिवळा पडतो.

त्या अक्काचं चित्र मी या पद्धतीने तीन वेळा केलं. तिसरं घेऊन पुढच्या वर्षी तिच्या गावी गेले. तिने चित्र दिव्यापाशी नेलं, पायाकडे बोट केलं आणि म्हणाली, “गाठ बाहेरच्या अंगाला असते ग. आत आली तर दुसऱ्या पायात अडकते.” मी तिथेच वही उघडली. तिने पुन्हा बाकावर पाय ठेवला, गेज्जे सोडून परत बांधले, हळूहळू, मला दिसावं म्हणून.